आपटून तुटलेली कवळी

मधली म्हणजे तिघा भावंडांतली मधली. थोरला भाऊ, मग ती, मग धाकटी बहीण. घरात भाजी खारट झाली, किल्ली सापडेना, पाहुणे रुसून गेले, काहीही झालं तरी सगळ्यांच्या माना आपोआप तिच्याकडे वळत. हे इतक्या लहानपणापासून चाललं होतं की पुढे कुणाला मान वळवायचीही गरज उरली नाही. काही बिघडलं की तीच आधी म्हणायची, "माझंच चुकलं." काय बिघडलं ते मग विचारायची.

घरात तिला भोंगा म्हणत. खरं तर तिच्याइतकं कमी बोलणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. पण नाव कसं पडलं ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती, आणि घरात नवीन आलेल्या माणसाला, मग सून असो की जावई, पहिल्याच जेवणाला ऐकवली जायची.

गोष्ट अशी. मधली तेव्हा शाळकरी होती. बाबा एका माल वाहतुकीच्या कंपनीत होते आणि कंपनीनं राहायला घर दिलं होतं, पुढे बाग, मुलांना वेगळी खोली. बाबांना नकला छान जमायच्या. साहेब पोट पुढे काढून, पाय फाकवून कसे चालतात ते जेवणं झाली की करून दाखवायचे, आणि सगळ्यांची हसून पुरेवाट व्हायची. एकदा साहेबच जेवायला आले. ते दारातून आत येत असताना त्यांची चाल बघून मधली हरखून म्हणाली, "अय्या, बाबा अगदी अस्संच चालून दाखवतात!" साहेब हसले. आई हसली. बाबा हसले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांची नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं, आणि पाचही माणसं मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत येऊन पडली. पोरीनं भोंगा वाजवला आणि राहतं घर घालवलं, असं बाबा येईल त्याला सांगू लागले.

त्या दोन खोल्यांत एका भिंतीला बारमाही ओल होती. बाबांना पुढे बऱ्याच नोकऱ्या लागल्या, पण टिकली एकही नाही. मुलांवर त्यांचा हात कधी उठला नाही. उठायच्या त्या वस्तू. वाटी, चप्पल, इस्त्री, एकदा चालू रेडिओ. बाबा जिना चढायला लागले की पावलांच्या आवाजावरून आज काय वाढून ठेवलंय ते मधली ओळखायची. थोरला पुस्तकात तोंड खुपसून बसायचा, धाकटी आईच्या पदराआड जायची. मधली पुढे व्हायची. आपण आधीच कबूल झालं की वादळ लवकर ओसरतं, हा शोध तिला फार लहान वयात लागला होता. फुटलेली बशी तिची, सांडलेलं दूध तिचं, उशिरा आलेली बसही तिचीच. बाबा तिच्यावर ओरडून मोकळे झाले की आई सुटकेचा श्वास सोडायची आणि सगळ्यांना जेवायला वाढायची.

मोठी झाल्यावर दादा आणि धाकटी आपापल्या संसारात गेली. दादा त्याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला. सणावाराला येऊन जायचा. धाकटी लांब, फोनवर. मधलीनंही लग्न केलं होतं. नवरा चांगला होता. पण ती रोज कामावरून थेट आईकडे जायची, बाबांच्या गोळ्या, आईचे गुडघे, दुरुस्तीची कामं, रुसवेफुगवे सगळं उरकून घरी यायची, आणि घरी आल्यावरही तिचा एक कान फोनकडे असायचा. एक दिवस नवरा शांतपणे म्हणाला की या घरात मी तुझा भाडेकरू असल्यासारखं वाटतं. दोघं न भांडता वेगळी झाली. संसार मोडल्याचं खापर घरच्यांनी तिच्याच माथी फोडलं, आणि या एका बाबतीत त्यांचं जरा तरी बरोबर होतं, फक्त कारण त्यांनी सांगितलं ते नव्हतं.

पोटापाण्याला ती दातांच्या लॅबमध्ये होती. दवाखान्यातून रुग्णांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यावरून प्लास्टरचे साचे करायचे, मेणात दात बसवायचे, मेण वितळवून त्या जागी अ‍ॅक्रेलिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, चकचकीत करायचं. एका इमारतीच्या तळघरात दोन लांब टेबलं, वर ट्यूबलाइट, सगळीकडे पांढरी भुकटी. संध्याकाळी रस्त्यावर आली की भुवयांत प्लास्टर असायचं. काम मात्र तिचं देखणं होतं. तिनं बसवलेले दात दातांसारखे दिसायचे, कवळीसारखे नाही, असं दवाखानेवाले सांगायचे.

बाबांची वरची कवळी तिनंच केली होती. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, माझ्या पोरीच्या हातची आहे. पोरीला सांगायचे, टोचते.

एका सकाळी आईचा फोन लॅबवर आला. "तुझी ती कवळी मोडली गं. जेवताना तोंडातल्या तोंडात मोडली. गिळली नाही हे नशीब. कसलं काम करतेस तू?"

दुपारच्या सुटीत मधली धावत जाऊन तुकडे घेऊन आली. बाबा तोंड फिरवून बसले होते. येताना बसमध्ये तिनं आपली चूक मनाशी पक्की करून टाकली, आणि लॅबमध्ये पाऊल टाकता टाकताच मालकीणबाईंना सांगितली, "मॅडम, माझंच चुकलं. अ‍ॅक्रेलिक कच्चं राहिलं असणार."

मालकीणबाई साठीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तुकडे दिव्याखाली धरून उलटेपालटे केले. मग मधलीच्या पुढ्यात ठेवले.

"ही तुझ्या वडिलांची नाही," त्या म्हणाल्या. "अशीच कुणा अनोळखी माणसाची आहे. आता बघून सांग."

मधलीनं पाहिलं. इतकी वर्षं ती हेच करत आली होती. चावून चावून मोडलेली कवळी आधी मधोमध तडकते, ती तड हळूहळू वाढते, तडीत चहाचा डाग उतरतो. इथे डाग नव्हता. एका बाजूची कड उडाली होती, पुढच्या दोन दातांचे टवके गेले होते, आणि मोडलेल्या कडा काचेसारख्या ताज्या होत्या. नवशिक्यानंही सांगितलं असतं. तिला मात्र इतका वेळ हातात धरून दिसलं नव्हतं.

"ही आपटलीय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"जोरात आपटलीय," मालकीणबाई म्हणाल्या. "भिंतीवर, नाहीतर फरशीवर." त्या स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "मागे आपल्या शिजवायच्या भांड्याचा तापमानाचा काटा बिघडला होता, आठवतं? पहिली कवळी कच्ची निघाली तेव्हा तू म्हणालीस, माझंच चुकलं, मी वेळ नीट पाहिली नाही. मी विश्वास ठेवला. मग आठवडाभर सगळाच माल कच्चा निघाला. तू वेळ नीट पाहिली होतीस ना?"

"हो."

"मग? तू खोटं कबूल केलंस की जे खरं बिघडलंय ते तसंच राहतं, बाई. मला राग आला तो त्याचा."

त्या उठून कामाला लागल्या. मधली बराच वेळ तुकडे मांडत बसली. आपण कबूल होतो तो आपला चांगुलपणा, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. त्यानं कुणाचं नुकसान होत असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

तिनं कवळी जोडली, दात नवे बसवले, आणि संध्याकाळी बाबांना नेऊन दिली. देताना म्हणाली, "बाबा, ही जेवताना मोडलेली नाही. आपटून मोडलीय. पुन्हा आपटली तर पुन्हा मोडेल." एवढंच. तेसुद्धा जमिनीकडे बघून.

बाबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. बापाला खोटं पाडायला आलीस का, म्हणाले. या घराची धूळधाण केलीस ती पुरली नाही का, म्हणाले. हाताशी चष्म्याचं घर होतं, ते तिच्या कानाजवळून जाऊन कपाटावर आदळलं. आईनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

घरी पोचते न पोचते तोच आईचा फोन. त्यांचा रक्तदाब वाढलाय, छातीत धडधडतंय म्हणतात, तुला काय गरज होती बोलायची? दुसऱ्या दिवशी तिनं रजा काढली, सूप केलं, डबा घेऊन गेली, बाबांची माफी मागितली. हो बाबा, अ‍ॅक्रेलिकच कच्चं होतं, म्हणाली. बाबांनी सूप प्यायलं. आई हसली. घर निवळलं. आणि मधलीला हायसं वाटलं, अगदी मनापासून हायसं. परतताना बसमध्ये मात्र तिचे हात थरथरायला लागले, आणि ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्येही थांबेनात. मेणात दात बसवायचं काम थरथरत्या हातांचं नव्हे. मालकीणबाईंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, कारण विचारलं नाही, एक पत्ता दिला, आणि सांगितलं की हात थांबेपर्यंत तू फक्त प्लास्टर कालव.

पत्ता औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीचा होता. समुपदेशक बाई वयानं मधलीपेक्षा लहान होत्या, त्यामुळे पहिल्यांदा ती जरा हिरमुसली. त्यांनी फारसं काही सांगितलं नाही, विचारलंच जास्त. रोज का जाता? नाही गेलात तर काय होईल? मधली म्हणाली, आईला त्रास होईल. आणि तुम्हाला? मधली पुन्हा आईबद्दलच बोलायला लागली. तिसऱ्या की चौथ्या भेटीत ती स्वतःच म्हणाली की मला त्यांनी बळीचा बकरा केलाय. समुपदेशक बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "हो. पण मला एक सांगा, हा बकरा रोज संध्याकाळी आपणहून बस पकडून जातो. दोरी तर कुठे दिसत नाही."

मधलीला आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. खोलीत कागदी रुमालांचा खोका तयारच होता. दोरी कशाची आहे ते शोधायला पुढचे कित्येक महिने गेले. आईचा चेहरा पडलेला असला की तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आई हसली की भूक लागायची. आपली भूक आपली नाही हे चाळिशीनंतर कळणं काही सुखाचं नसतं.

याच दिवसांत ती आत्याकडे गेली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, एकटी राहायची, कान अधू पण बुद्धी लखलखीत. बाबांचं आणि तिचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. का नाही ते कुणी सांगत नसे. तेही भोंग्यामुळेच, असा सर्वसाधारण समज होता. मधली खरं तर नुसती भेटायला गेली होती. बोलता बोलता साहेबांच्या जेवणाचा विषय निघाला आणि ती सवयीनं म्हणाली, "माझ्या जिभेनं घर गेलं ते."

आत्यानं कानामागे हात धरून पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाली, "तुझ्या जिभेनं? अगं, तुझ्या बापानं ऑफिसातल्या कारकुनाला पेपरवेट फेकून मारला होता. कपाळ फुटलं बिचाऱ्याचं. नोकरी तेव्हाच गेली."

मधली म्हणाली की नोकरी जेवणानंतर गेली.

"जेवण कशाला होतं मग? तुझ्या आईनं साहेबांचे पाय धरायला बोलावलं होतं त्यांना. आणि जमलं नाही तर राहायचं कुठे म्हणून आधीच माझ्याकडे आली होती. ती मागच्या गल्लीतली जागा मी बघून ठेवली होती, जेवणाच्या आधी. ओलीची भिंत बघून नको म्हणत होते मी. पुढे तुझं नाव घ्यायला लागले तेव्हा मी तुझ्या बापाला बोलले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद."

आत्याच्या घरून ती चालतच निघाली. बस येत होत्या, जात होत्या. डोक्यात एकच गोष्ट राहून राहून येत होती: जागा आधीच बघून ठेवली होती. ती दारात खूश होऊन ओरडली तेव्हा आईला ठाऊक होतं. बागेतल्या झोपाळ्यावर शेवटचं बसली आणि आपल्यामुळे हा झोपाळा गेला म्हणून हुंदके देत होती, तेव्हाही आईला ठाऊक होतं.

आईला एकटीला गाठणं सोपं नव्हतं. शेवटी एका दुपारी बाबा आतल्या खोलीत झोपले असताना मधली गेली. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मधलीनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घालता घालताच विचारलं. आवाज चढवला नाही. आत्यानं काय सांगितलं ते सांगितलं आणि विचारलं, खरं का?

आईनं चादरीच्या कडा जुळवल्या. "तिला कुठे काय बोलावं कळत नाही," म्हणाली.

"आई, खरं का?"

आईनं आतल्या दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात बोलली. "त्यांना स्वतःचं चुकलेलं सोसत नाही. कधीच सोसलं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी चुकलेलं असायला लागतं, नाहीतर घराची दारं-खिडक्या शिल्लक राहिली नसती. थोरला तेव्हा सारखा आजारी. धाकटी अंगावरची. तू होतीस."

"मी होते."

"तू घट्ट होतीस गं. तुला काही व्हायचं नाही."

"मला सांगायचं तरी. नंतर, मोठी झाल्यावर. मधे इतकी वर्षं गेली."

आईला प्रश्नच कळला नसावा. तिनं पुढची चादर उचलली आणि एक टोक मधलीकडे दिलं. "सांगून काय वेगळं झालं असतं?" ती म्हणाली. "तू रोज येतेसच की."

मधलीनं ते टोक हातात घेतलं होतं. तिनं ते पलंगावर ठेवलं, पर्स उचलली, आणि निघाली. आईनं विचारलं, उद्या येताना बाबांच्या गोळ्या आणशील ना? मधली म्हणाली, उद्या येणार नाही. आईला वाटलं, कामं असतील.

न जाणं हे जाण्यापेक्षा कितीतरी कठीण होतं. संध्याकाळी लॅब सुटली की पाय आपोआप त्या थांब्याकडे वळायचे. ती स्वतःला अक्षरशः वळवून घरी आणायची. घरी काय करायचं असतं तेही तिला नीट माहीत नव्हतं. पहिले काही दिवस ती फोन समोर ठेवून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. अंगात बारीक कणकण असायची. दारू सोडलेल्या माणसाचं असं होत असेल, तिनं समुपदेशक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, जवळपास तसंच.

गोळ्या तिनं दुकानातून घरपोच लावून दिल्या. आईला फोनवर सांगितलं की मी महिन्यातून दोन रविवार येईन, दुपारी येईन, संध्याकाळी निघेन, आणि बाबांनी काही फेकलं की लगेच निघेन. आई रडली. बाबा मागून ओरडले की भोंग्याला शिंगं फुटली. धाकटीचा लांबून फोन आला, ती अर्धा तास बोलली: आईबाबांचं वय झालंय, जुनं काय उकरत बसायचं, तू एकटी असतेस म्हणून असले विचार येतात, जरा मोठ्या मनानं घे. मधलीनं ऐकून घेतलं आणि तिला सुचवलं की मोठ्या मनानं तू महिनाभर येऊन राहा. त्यावर धाकटीला कुणीतरी दाराशी आलेलं आठवलं.

एका रविवारी खरंच ताट फेकलं गेलं. निमित्त भात गार असल्याचं. मधली हात धुऊन उठली, चपला घातल्या, आणि पुढच्या रविवारी येते म्हणून निघाली. जिना कठडा धरून उतरावा लागला. पण उतरली. पुन्हा वर गेली नाही.

मग एक दिवस लॅबच्या दाराशी वहिनी येऊन उभी राहिली. वहिनी शांत, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भोंग्याची गोष्ट ऐकताना तीही इतकी वर्षं सगळ्यांबरोबर हसत आली होती. आज तिचे डोळे सुजलेले होते. मधलीनं तिला प्लास्टरच्या पोत्यांशेजारी स्टूलावर बसवलं. वहिनीनं जे सांगितलं ते साधं होतं. मधलीनं येणं कमी केल्यावर आईनं दादाला बोलावून घेतलं. दादाला वेळ नाही म्हणून वहिनी जायला लागली. आधी चहा गोड झाला. मग नळ गळायला लागला, तो वहिनीनं जोरात बंद केल्यामुळे. मग बाबा न्हाणीघरात घसरले, तेव्हा वहिनी तिथे नव्हतीसुद्धा, तरी फरशी तिनंच ओली ठेवली असं ठरलं. आणि काल दादा घरी येऊन म्हणाला की तू जरा जपून वागत जा ना, माझ्या आईला किती त्रास.

"ताई, मी आता उशी आपटली तरी आधी सॉरी म्हणते," वहिनी म्हणाली. "तुम्ही कसं सोसलंत हो?"

"नाही सोसलं," मधली म्हणाली. "मला वाटत होतं सोसतेय."

उद्यापासून मी जाते, असं मधलीच्या ओठांवर आलं होतं. अगदी टोकावर आलं होतं, आणि ते बोलली असती तर वहिनी, आई, दादा, बाबा सगळ्यांची एका झटक्यात सुटका झाली असती. तिनं ते गिळलं. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही पण जाऊ नका. त्यांचा मुलगा आहे. त्याला जाऊ दे."

"ते नाही जायचे."

"मग तो ठरवेल काय करायचं ते. बाबा त्याला काही फेकून मारणार नाहीत. मारलं तर त्यालाही कळेल."

जाताना वहिनीनं मधलीचा हात धरला, आणि तिच्या तळव्याला प्लास्टर लागलं. ती ते झटकायला विसरली.

दादा आला तो त्यानंतरच्या आठवड्यात, सुटीच्या सकाळी, मधलीच्या घरी. तिनं हे घर घेतल्यापासून तो एकदाच आला होता. दारात उभा राहून त्यानं आधी चपला काढू की नको असा चेहरा केला, मग काढल्या. खोलीकडे नजर फिरवली. खिडकीशी एक आरामखुर्ची, तिच्यावर अर्धवट वाचलेलं मासिक, टेबलावर एकीचंच जेवण झालेलं ताट. घर छान ठेवलंयस, म्हणाला. मग एकदम सगळं सांगायला लागला. तो आठवडाभर रोज आईकडे जात होता. बाबांनी पहिले दोन दिवस त्याला डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी गोळ्या उशिरा दिल्या म्हणून पाण्याचा पेला फेकला. लागला नाही, पण शर्ट भिजला. तो इतका चक्रावला की जागचा हललाच नाही. आणि आई त्याला म्हणाली, तू त्यांना आधी विचारायचं ना.

"तू होतीस तेव्हा पण असंच चालायचं?" त्यानं विचारलं.

मधलीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच घरात तो तिच्यापेक्षा तीन वर्षं मोठा होऊन वाढला होता.

"तू पुस्तक वाचत असायचास," ती म्हणाली.

तो खाली बघून म्हणाला की दिवसभराचा माणूस ठेवावा असं वाटतंय, तो बघून ठेवलाय, आईला पसंत नाही, पण मी आणतोच आहे. तू फक्त तिला एकदा समजाव. तुझं ऐकते ती. मधली म्हणाली, माझं ती कधी ऐकत नाही, आणि समजावणार मी नाही, तू समजाव. माणूस ठेवतोयस ते चांगलंच आहे. तिला वाटलं होतं हे बोलताना जीभ अडखळेल. नाही अडखळली.

दादा खुर्चीच्या हातावरचा धागा ओढत बसला. "तू चिडलीयेस का आमच्यावर?" त्यानं विचारलं.

नाही रे, असं उत्तर त्या घरात ठरलेलं होतं, आणि ते तिनं कितीदा दिलं होतं याची गणती नव्हती.

"हो," ती म्हणाली. "चिडलेय."

"किती दिवस चालणार?"

"ते मला अजून माहीत नाही. तू चहा घेणार का?"

दादानं घड्याळ बघितलं नाही. घेतो, म्हणाला, आणि उठून तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आला. साखर कुठे असते ते त्याला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं, आणि डबा त्यानं काढला.